चालू सामन्यातला सत्कार

चालू खेळ मध्येच थांबवणाऱ्या माणसाची मला मनापासून चीड आहे. हे दुखणं जुनं आहे. भामरागडकडे माझी नवी नोकरी होती तेव्हा पावसाळ्यात नदी चढली की रस्ता बंद, वर्तमानपत्र बंद, आणि आश्रमशाळेत उरायची पोरं, मी, एक स्वयंपाकी आणि एक रेडिओ. त्या रेडिओवर क्रिकेटची कॉमेंट्री ऐकताना ऐन शेवटच्या षटकांत निवेदक म्हणायचा, आता आपण बातम्यांसाठी थांबू. मी रेडिओला शिव्या घालत असे. स्वयंपाकी म्हणे, "गुरुजी, त्याले का आयकू जाते?" ऐकू जात नसे, पण मला बरं वाटे. पुढे शाळा बदलत गेल्या, टीव्ही आला, मोबाईल आला, मी निवृत्त होऊन पोंभुर्ण्याजवळ आमच्या गावी परतलो. राग मात्र नोकरीतच राहिला.

असा मी मागच्या वर्षी अमेरिकेला गेलो. मुलगा तिथे कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. बायको गुडघ्यांमुळे आली नाही, मी एकटाच गेलो. जाताना सगळ्यांनी थंडीची भीती घातली होती. थंडीचं काही नाही, आमच्याकडचे उन्हाळे काढलेल्या माणसाला थंडी काय करणार. मला वैताग आला तो दुसऱ्याच गोष्टींचा.

पहिल्या आठवड्यात मी एकटा फिरायला निघालो. वाटेत भेटणारा प्रत्येक जण हसून विचारी, कसे आहात? मी थांबून सांगू लागलो की रात्री झोप लागत नाही, उजव्या कानात विमानातला आवाज अजून आहे. तोवर माणूस पन्नास पावलं पुढे गेलेला. मुलाला सांगितलं तर तो म्हणाला, "बाबा, त्याचं उत्तर द्यायचं नसतं." मग विचारता कशाला? आमच्या गावात कोणी "जेवले का?" म्हटलं आणि तुम्ही नाही म्हणालात, तर तो तुम्हाला घरी नेतो, निदान तसं म्हणतो तरी. इथे प्रश्न विचारून पळून जायची पद्धत. दुसऱ्या आठवड्यात मी फिरायला गेलो तेव्हा एका बाईने गाडी थांबवून, काच खाली करून विचारलं, तुम्ही ठीक आहात ना? मला वाटलं, हिला तरी खरंच उत्तर हवंय. तिला हवं होतं, पण वेगळ्या कारणाने. त्या रस्त्यावर पायी चालणारा माणूस तिने पाहिलाच नव्हता, तिला वाटलं माझी गाडी बंद पडली असेल.

हॉटेलात बसलं की आधी बर्फ. बाहेर बर्फ पडतोय, अंगणात बर्फ साचलाय, आणि पोरगी हसत हसत गळ्यापर्यंत बर्फ भरलेला ग्लास आणून ठेवते. मी बर्फ नको म्हणालो तर तिने मुलाकडे असं पाहिलं की म्हाताऱ्याला काही होतंय का. त्यात बर्फ वगळून उरलेलं पाणी दोन घोट. मी ते बर्फाचे खडे चमच्याने काढून बशीत ठेवले. सून दुसरीकडे पाहत होती.

बातम्यांचं तर विचारू नका. तिथे एकदा वादळ येणार होतं. येणार येणार म्हणून टीव्हीवर तीन दिवस तोच गोंधळ, लाल पट्ट्या, बाणच बाण काढलेला नकाशा. दुकानातला पाव संपला, दूध संपलं. मग वादळ आलं. एक बातमीदार गुडघ्याएवढ्या बर्फात फूटपट्टी घेऊन उभा होता आणि ती बर्फात खुपसून सांगत होता, बघा, एवढा पडला. मागून एक माणूस शांतपणे फावड्याने आपला रस्ता मोकळा करत होता. मला भामरागड आठवलं. तिकडे आठवडे आठवडे पूल पाण्याखाली असे, बाळंतीण खाटेवर घालून नाल्यापलीकडे न्यावी लागे, आणि फूटपट्टी घेऊन कोणी आलं नाही. मी हे मुलाला बोलून दाखवलं. तो म्हणाला, "बाबा, तुम्ही कुठलं कुठे जोडता." मी कुठलं कुठेही जोडत नव्हतो, दोन्हीकडे पाणीच होतं.

पण खरं डोकं फिरलं ते त्यांच्या फुटबॉलने. मुलाने मला हौसेने कॉलेजचा सामना पाहायला नेलं. खोटं कशाला सांगू, मैदानाबाहेरचा भाग मला आवडला. लोक गाड्या लावून, मागचं दार उघडून, शेगड्या पेटवून मटण भाजत बसले होते. शंकरपटाला, म्हणजे बैलांच्या शर्यतीला, आमच्याकडे लोक बैलबंड्या सोडून चुली मांडतात, तसंच. एकाने मला ओळख ना पाळख, हातात हड्डी दिली. मी म्हटलं, देश चांगला आहे. मग आत गेलो.

आत फुटबॉल हाताने खेळत होते. तेही मी पोटात घातलं, त्यांचा देश, त्यांचा चेंडू. चेंडू गोल नाही, तेही चालेल. पण शिट्टी वाजली, दोन्हीकडचे गडी एकमेकांवर आदळले, पडले, आणि खेळ थांबला. पुन्हा उभे राहिले, पुन्हा आदळले, पुन्हा थांबला. जरा रंग भरतोय असं वाटलं की डोक्यात भडक टोपी घातलेला एक माणूस चालत मैदानात येई आणि नुसता उभा राही. तो आला की बावीस धटिंगण पाण्याच्या बाटल्या घेऊन गप्प उभे. मी मुलाला विचारलं, "हा कोण? पंच आहे का?" मुलगा म्हणाला, "नाही. टीव्हीवर जाहिरात चालू आहे. तो बाहेर गेला की खेळ सुरू होतो." मी दोनदा विचारून खात्री करून घेतली. म्हणजे साबण आणि मोटारगाड्या विकायच्या म्हणून एवढ्या ताकदीच्या पोरांना घाम आलेल्या अंगाने थंडीत उभं करून ठेवायचं, आणि हजारो लोकांनी त्या टोपीकडे पाहत बसायचं. कोणी हूं की चूं करत नव्हतं. मी उठून उभा राहिलो आणि त्या टोपीवाल्याला मराठीतून जे म्हणायचं ते म्हटलं. पुढच्या ओळीतल्या लोकांना वाटलं मी संघाला प्रोत्साहन देतोय. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

आणि शेवटची गोष्ट नातवाची. नातू सहा वर्षांचा, शनिवारी सकाळी चेंडू खेळायला जाई, तो आपला नेहमीचा पायाने खेळायचा फुटबॉल. तिथे गोल मोजतच नाहीत. मुलांना वाईट वाटू नये म्हणून. मी मोजले. शेवटी सगळ्यांना पदकं, हरलेल्यांनाही, गवतावर बसून फुलं तोडणाऱ्यालाही. नातू गळ्यात पदक घालून पळत आला आणि म्हणाला, आजोबा, आम्ही जिंकलो ना? मी म्हणालो, नाही बाळा, सपाटून हरलात. तो रडला. दोन दिवस घरात माझ्याशी कोणी सरळ बोललं नाही. माझं आजही तेच म्हणणं आहे. हरल्याचं कळलं नाही तर जिंकल्याची चव कशी कळणार?

परत आलो तेव्हा इथे धान कापून झालं होतं आणि बसस्टँडवरच्या टपरीला नवीन बाकडी आली होती. तिथे मी रोज सकाळी बसू लागलो. लोक विचारत, "गुरुजी, अमेरिकेत का पायलं?" मी सांगे. टोपीवाल्याची गोष्ट मला एवढ्यांदा सांगावी लागली की चहावाला टोपी घालून उभं राहण्याची नक्कल करू लागला. गावातलं कबड्डी मंडळ चालवणारा माझा एक जुना विद्यार्थी तर पोट धरधरून हसे. तो आता सरपंचाचा उजवा हात आहे, माईक हातात आला की सोडत नाही. तो म्हणायचा, "गुरुजी, हे सारं स्टेजवर सांगा ना एखाद्या दिवशी." मला ते उगाच बोलणं वाटलं.

आता माझ्या बहिणीचं सांगायला हवं. ती माझ्याहून लहान. मी शिकलो, नोकरीला लागलो, तिचं लवकर लग्न झालं. गावातच दिली आहे, थोडी धानाची शेती आहे. धान निघालं की जानेवारी लागताच ती आणि तिचा नवरा तेलंगणात मिरची तोडायला जातात. आमच्या भागातली कितीतरी घरं तेव्हा कुलूपबंद असतात. मार्च संपता संपता ती परत येते, बोटं लाल, डोळे लाल, आणि एक पोतं मिरची. तेवढे दिवस त्यांची मुलगी, माझी भाची, आमच्याकडे राहते.

भाची कबड्डी खेळते. खेळते म्हणजे चांगली खेळते, माझी भाची म्हणून सांगत नाही. विहारामागच्या मोकळ्या जागेत गावातल्या पोरी संध्याकाळी सराव करतात, तिथे मी खुर्ची टाकून बसतो. चढाईला गेली की ती आधी काहीच करत नाही. नुसती रेषेजवळ रेंगाळते, समोरच्या पोरींना वाटतं हिचा दम संपला, त्या दोन पावलं पुढे येतात आणि मग तिची झडप असते. हे तिला कोणी शिकवलेलं नाही. गावच्या स्पर्धा जानेवारीच्या शेवटी भरतात. ऐन मिरचीत. म्हणजे पोरगी एवढी वर्षं खेळते आहे, पण आईने तिला मैदानात कधी पाहिलेलं नाही. यंदा जायच्या आदल्या दिवशी बहीण माझ्या अंगणात गाठोडी बांधत बसली होती. ती म्हणाली, "भाऊ, मी तं तिचे फुटलेले ढोपरंच पायतो दरसाल. खेळते कशी थे लोकाइच्या तोंडूनच आयकतो."

भाची म्हणाली, "यंदा मोबाईलवर दिसन आई. लाईव."

गावात रिचार्ज मारणारा एक पोऱ्या आहे, त्याने स्वतःचं यूट्यूब चॅनल काढलं आहे. कोणाचा वाढदिवस, कुठे वाघ दिसला, कुठे बिबट्या विहिरीत पडला, सगळं त्यावर. त्याने फायनल लाईव दाखवतो म्हणून सांगितलं होतं. बहिणीने त्याच्या दुकानात जाऊन त्याच्याकडून ते कसं उघडायचं हे दोनदा समजून घेतलं. भाचीला तिने एकच बजावलं, "फायनलपर्यंत पोचजो बापा. तेवढ्या दिवशी मी मुकादमाले सांगून लवकर सुट्टी घेतो."

भाची पोचली. समोर धानोऱ्याच्या पोरी आल्या. काटक, पायाला भिंगरी, एकीला धरलं तर तिघी सोडवायला येतात. फायनल दुपारीच ठेवली होती, कारण धानोऱ्याच्या गाडीचा ड्रायव्हर आधीच म्हणाला होता की दिवस मावळायच्या आत निघायचं, जंगलच्या रस्त्यावर वाघ आहे, मी थांबणार नाही. त्याचं चुकीचं नव्हतं. त्याच आठवड्यात त्या रस्त्यावर गुराख्याला वाघ दिसला होता.

दुपारची वेळ ठरलेली, पण प्रमुख पाहुणे वेळेवर आलेच नाहीत, म्हणून सामना उशिरा लागला. पहिल्या डावात खेळ रंगला असताना पाहुण्यांच्या गाड्या मैदानाच्या कडेला येऊन थांबल्या. झालं. शिट्टी. "मान्यवरांचं आगमन झालेलं आहे, खेळाडूंनी कृपया जागेवर थांबावं." हार, नारळ, शाल, प्रत्येकाच्या नावाआधी पाच विशेषणं. मी उठून सरळ माईकवाल्या विद्यार्थ्याजवळ गेलो आणि म्हणालो, "हा सामना आहे का लगन?" तो हात जोडून म्हणाला, "गुरुजी, दोनच मिनिटं." त्याची दोन मिनिटं मला शाळेपासून माहीत आहेत. मी परत येऊन बसलो आणि शेजारच्याला म्हणालो, अमेरिकेत निदान एक माणूस टोपी घालून येतो, इथे गावच येतो.

मध्यंतरात भाची माझ्याजवळ पाणी प्यायला आली. "मामा, आईचा फोन आला होता. बसली आहे म्हने बायाइले घेऊन." चॅनलवाल्याचा मोबाईल स्टेजच्या कोपऱ्यात, मैदान दिसेल असा, काठीवर बांधलेला होता. बॅटरी पुरावी म्हणून तो दुसऱ्या डावापासून लाईव सुरू करणार होता. भाची जाता जाता त्याच्यापाशी थांबली आणि आई पाहते आहे एवढं सांगून गेली.

दुसऱ्या डावाच्या सुरुवातीला आमच्या पोरी मागे होत्या. मग त्यांनी एकेक करून धानोऱ्याच्या पोरी बाहेर बसवायला सुरुवात केली. मग भाची चढाईला गेली. नेहमीसारखी रेंगाळली. डावा कोपरा पुढे सरकला, मधली पुढे आली, तिसरी तिच्या घोट्यावर झेपावली, आणि ती तिघींना शिवून, मातीत छाती घासत, मधल्या रेषेवर बोटं टेकवून होती. मैदान उठून उभं राहिलं. मी खुर्चीवर चढलो होतो. धानोऱ्याच्या आता दोनच पोरी आत उरल्या. एक चढाई, फार तर दोन, आणि त्या सगळ्या बाद. आमच्या पोरींना हे कळत होतं, त्या दोघींनाही कळत होतं.

आणि माईक खरखरला. "सामना काही क्षणांसाठी थांबवण्यात येत आहे."

मी शिवी द्यायला तोंड उघडलं, तोच पुढचं ऐकू आलं. "आपल्या गावचं भूषण, नुकतेच अमेरिकेचा दौरा करून आलेले, आम्हाला घडवणारे आमचे गुरुजी." दोन पोरांनी मला खुर्चीवरून खाली उतरवलं आणि स्टेजकडे नेलं. विद्यार्थ्याचा चेहरा आनंदाने फुलला होता. त्याला मला चकित करायचं होतं. त्याने स्वतःच्या हाताने माझ्या डोक्यावर भडक गुलाबी फेटा बांधला, शाल घातली, नारळ दिला. मला नाही म्हणायचं होतं. मी माईक त्यासाठीच हातात घेतला.

"मला सत्कार नको," मी म्हणालो. "आधी खेळ चालू करा." टाळ्या पडल्या. एवढ्यावर माईक परत द्यायला हवा होता. पण टाळ्या चांगल्या होत्या, आणि मला वाटलं की आता हे एकदा सगळ्यांसमोर स्पष्ट सांगितलंच पाहिजे. चालू खेळ थांबवणं हा खेळाडूंचा अपमान आहे, असं मी म्हणालो. अमेरिकेत एक माणूस टोपी घालून मैदानात येतो, असं म्हणालो. टपरीवर ऐकलेल्यांनी ओरडून दाद दिली. मग ज्यांनी ऐकलं नव्हतं त्यांच्यासाठी नीट पहिल्यापासून सांगितलं. त्यावरून बर्फाचा ग्लास निघाला. बर्फावरून फूटपट्टी निघाली. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. पाहुणेही हसत होते. मी म्हणालो, हरलेल्यांनाही पदकं देणारा देश आहे तो, आपण तसं कधी करू नका. त्याला सगळ्यात मोठी टाळी पडली. माझ्या आयुष्यात माझं एवढं मन लावून कोणी ऐकलं नव्हतं. वर्गात तर नाहीच. मध्ये एकदा माझं मैदानाकडे लक्ष गेलं. आमच्या पोरी अंगावर ओढण्या घेऊन उभ्या होत्या. धानोऱ्याच्या दोघी खाली बसून दम खात होत्या. भाची एकटी मधल्या रेषेजवळ, कमरेवर हात ठेवून, माझ्याकडे पाहत होती. मी "शेवटी दोन शब्द" म्हणालो आणि त्यानंतरही बोललो.

मी खाली उतरलो तेव्हा सूर्य सागाच्या झाडांमागे गेला होता. पोरींनी जागा घेतल्या, पंचाने शिट्टी तोंडात धरली, आणि गाडीचा हॉर्न वाजला. ड्रायव्हर गाडी चालू करून बसला होता. पंच त्याच्याशी बोलून आले, मंडळाची माणसं बोलून आली. तो उतरायलाही तयार नव्हता. फक्कीच्या रेषा दिसेनाशा झाल्याच होत्या. मंडळाने स्टेजमागे डोकी जुळवली आणि माईकवरून जाहीर केलं की दोन्ही संघ संयुक्त विजेते.

मी पुन्हा माईकवाल्याकडे गेलो. म्हणालो, ही कुठली पद्धत, खेळ अर्धवट आणि दोघांना कप? तो खरोखर ओशाळला. "गुरुजी, वेळच नाई राह्यला." मग मला लागू नये अशा आवाजात तो म्हणाला, "भाषन थोडंसं लांबलं." मी त्याला म्हणालो की मुळात थांबवलंच कशाला. तो माईकची वायर गुंडाळू लागला. मी सांगतो, माझा मुद्दा बरोबरच होता.

कप एकच होता. दोन कर्णधारांनी दोन कान धरून फोटो काढला. धानोऱ्याची कर्णधार गाडीकडे पळता पळता भाचीला म्हणाली, "तुमीच जिंकून राह्यले होते वं." भाचीने मान हलवली. गाडीची मागची दारं लागली आणि ती जंगलाच्या दिशेने गेली.

घरी आल्यावर बायकोने तिच्या पायाला तेल चोळलं. भाची गप्प जेवली. मी गप्प नव्हतो. मी मंडळाला बोललो, पाहुण्यांना बोललो, सामना उशिरा लावणाऱ्यांना बोललो. मग चॅनल उघडलं, निदान ती तिघींची चढाई आईला पाठवता येईल म्हणून. लाईव गायब. चॅनलवाल्याला फोन केला. तो म्हणाला, मागे लाऊडस्पीकरवर सिनेमाचं गाणं वाजत होतं, म्हणून यूट्यूबने वरूनच उडवलं. "पन तुमच्या भाषनाचा तुकडा मी येगळा टाकला गुरुजी. त्याच्यात गानं नोतं. जोरात चालून राह्यला." मी पाहिलं. आधी एक सिमेंटची जाहिरात होती, ती संपेपर्यंत पुढे जाता येत नव्हतं. नंतर गुलाबी फेटा घातलेला मी. बायको म्हणाली, "बंद करा आता थे." मी बंद केलं.

तेवढ्यात बहिणीचा फोन आला. भाची मोरीत हात धूत होती, म्हणून मी उचलला. मागे बायकांचा गलका ऐकू येत होता, चुलीवर काहीतरी चरचरत होतं.

"भाऊ, मुकादमानं सुट्टी देल्ली बरं का," ती म्हणाली. "साऱ्या बाया झाडाखाली बसवल्या. म्हटलं, माया पोट्टीचा खेळ दाखवतो. आदी लय वेळ नुसतं गोल गोल फिरे थे. नेटच नाई शेतात. मंग एकदम तू दिसला. बाया पुसे, थो फेटेवाला कोन होय वं? म्हटलं, माया भाऊ होय. लय हासल्या तुया भाषनाले."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तुया पलीकडं एक पोट्टी उभी दिसे. कमरेवर हात ठेवून. दूर होती, तोंड नीट नाई दिसलं. थेच का आमची?"

"हो," मी म्हणालो. "तीच."

"मी बायाइले तसंच सांगतलं. म्हटलं, पाहा, थे उभी आहे थे माही पोट्टी. उंच झाली ना भाऊ? मले तं उंच वाटली." तिने मागच्या बायकांना गप्प केलं. "मंग तुयं भाषन झालं आन थे बंदच पडलं. थे खेळली कवा?"

भाची ओले हात फ्रॉकला पुसत येऊन उभी होती. फोनचा आवाज मोठा होता, तिने सगळं ऐकलं होतं. मी फोन तिच्यापुढे धरला.

"मामाच्या भाषनाच्या आदी, आई," ती म्हणाली, आणि फोन घेऊन अंगणात गेली.